किरकोळ गुन्हा दाखल झालाय? सोलापूरकरांसाठी पोलीस ठाण्यापासून निकालाच्या नकलेपर्यंत

गाडी लावण्यावरून शेजाऱ्याशी हाणामारी. गड्डा यात्रेच्या गर्दीत धक्काबुक्की. मिरवणुकीत डॉल्बी वाजली म्हणून मंडळाच्या अध्यक्षावर गुन्हा. पत्त्यांच्या डावावर छापा. ढाब्यावरून परतताना नाक्यावर तोंडाला लागलेलं यंत्र. अशा प्रकरणांत माणूस पहिल्यांदाच पोलीस आणि कोर्ट बघतो, आणि त्याला चारही बाजूंनी एकच सल्ला मिळतो: ‘कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा.’

हा सल्ला काही वेळा योग्यही असतो. पण कोर्टात गुन्हा कबूल करून पाचशे रुपये दंड भरला, तरी कायद्याच्या भाषेत ती दोषसिद्धी असते. शिवाय स्वतः कबुली दिली असेल तर दोषी ठरवल्याविरुद्ध अपील करता येत नाही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा, कलम ४१६). शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली, एवढ्यापुरतंच अपील उरतं. म्हणून घाईने काही कबूल करण्याआधी पुढचं वाचा.

आधी हातातला कागद ओळखा

‘केस झाली’ या दोन शब्दांत पाच वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. त्या प्रत्येकीचा परिणाम वेगळा.

पहिली एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. शिवीगाळ, साधी मारहाण, दमदाटी यांत बहुधा हीच होते. एनसीवर पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकत नाहीत (कलम १७४). याला एक अपवाद आहे. पोलिसांसमोर अदखलपात्र गुन्हा घडला किंवा तसा आरोप असला, आणि नाव-पत्ता सांगायला नकार दिला किंवा खोटा सांगितला, तर खरं नाव कळेपर्यंत ताब्यात घेता येतं. तेव्हा तिथे ताठा दाखवू नका. तक्रारदार पुढे कोर्टात गेलाच नाही तर बहुतेक एनसी तिथेच पडून राहतात.

दुसरा एफआयआर, दखलपात्र गुन्ह्याचा. यात पोलीस स्वतःहून तपास करतात आणि शेवटी दोषारोपपत्र किंवा ‘गुन्हा आढळला नाही’ असा अहवाल कोर्टात देतात. एकाच घटनेत एक कलम दखलपात्र आणि बाकीची अदखलपात्र असली, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. त्यामुळे एफआयआरमधलं प्रत्येक कलम वाचायचं, फक्त वरचं नव्हे.

तिसरी चॅप्टर केस. ही गुन्ह्याची शिक्षा नाही. तुमच्याकडून शांततेला धोका आहे असं मानून बंधपत्र मागितलं जातं (कलम १२६; जुनं १०७). सोलापूर शहरात आयुक्तालय असल्याने ही सुनावणी सहायक पोलीस आयुक्तांपुढे होते, ग्रामीण भागात तहसीलदारांपुढे. बंधपत्राची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. चौकशी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत पूर्ण झाली नाही आणि मुदतवाढीची खास कारणं नोंदली नाहीत, तर ती संपते. निवडणूक किंवा सणाच्या तोंडावर अशा नोटिसा गठ्ठ्याने निघतात. ‘सही करून टाका’ म्हटलं की लोक करतात. बंधपत्राचा भंग केल्यास रक्कम जप्त होते आणि कोठडीतही जावं लागू शकतं, म्हणून लेखी म्हणणं द्या आणि मगच सही करा.

चौथी, वाहतुकीचं ई-चलान. जे गुन्हे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली मिटवता येतात, त्यांची रक्कम भरली की विषय संपतो. ती तडजोड असते, दोषसिद्धी नव्हे. दारू पिऊन गाडी चालवणं मात्र या यादीत नाही, ते कोर्टातच जातं. रक्तात १०० मिलिलीटरमागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढच्या वेळी दोन वर्षांपर्यंत आणि १५,००० पर्यंत. लायसन्सही निलंबित होऊ शकतं. नाक्यावर कोणी ‘इथंच मिटवू’ म्हणत असेल तर ते मिटत नाही.

पाचवी, खासगी फिर्याद. एखाद्याने पोलिसांना वगळून थेट कोर्टात तक्रार केली, तर नव्या कायद्यात कोर्टाने दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम २२३ चं परंतुक). जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. अशी नोटीस आली तर ती वाया घालवू नका. समन्स निघण्याआधीच प्रकरण थांबवण्याची ही महत्त्वाची जागा असते.

जुनी कलमं, नवी कलमं

कट्ट्यावर अजूनही ‘तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा’ हीच भाषा चालते. १ जुलै २०२४ पासून गुन्हे आणि शिक्षा ठरवणारी भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्या तारखेआधी घडलेल्या घटनेला जुना दंडविधानच लागतो, मग खटला आज का चालू असेना. साधी दुखापत म्हणजे जुनं ३२३, आता ११५(२): एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड. अपमान करून शांतता भंगाला चिथावणी म्हणजे ५०४, आता ३५२. धमकी म्हणजे ५०६, आता ३५१. बेदरकार गाडी चालवणं २७९, आता २८१. बंदी आदेश मोडणं १८८, आता २२३. या शेवटच्या कलमात कोर्टाला दखल घ्यायची तर संबंधित सरकारी अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. निव्वळ पोलिसांच्या दोषारोपपत्रावर ती घेता येत नाही. मंडळांच्या कार्यकर्त्यांवरच्या अनेक केसेसमध्ये वकिलाने सर्वांत आधी हीच गोष्ट तपासावी.

पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी आता अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पहिलाच गुन्हा असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा सांगितली जाते. सार्वजनिक जागी दारू पिऊन धिंगाणा घातल्याबद्दल (कलम ३५५) २४ तासांपर्यंत साधी कैद, १,००० पर्यंत दंड किंवा समाजसेवा.

हाणामारीत खरी कलाटणी देतो तो सिव्हिल हॉस्पिटलचा वैद्यकीय दाखला. जखम ‘साधी’ लिहिली तर ११५(२). हाड मोडलं, दात पडला, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या वा रोजची कामं करता आली नाहीत, तर ‘गंभीर’, आणि ११७(२) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा. गज, चाकू, कोयता अशा घातक साधनाने मारलं असेल तर जखम साधी असूनही ११८(१) लागतं आणि ते अजामीनपात्र आहे. तुम्हालाही मार लागला असेल तर त्याच दिवशी सिव्हिलला जाऊन तपासणी करून घ्या. चार दिवसांनी आणलेला दाखला कोर्टात फारसा टिकत नाही.

दोन गोष्टी किरकोळ समजू नका. भांडण सोडवायला आलेल्या पोलिसाच्या अंगावर हात टाकला की न्याय संहितेचं कलम १३२ लागतं, ते दखलपात्र आणि अजामीनपात्र. आणि जातिवाचक शिवीगाळीचा आरोप आला की प्रकरण अॅट्रॉसिटी कायद्यात जातं, तिथे अटकपूर्व जामिनाला कायद्यानेच आडकाठी आहे. तेव्हा त्याच दिवशी वकील गाठा.

ठाण्यात बोलावलं तर

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची गरज नसेल तर पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस द्यायची असते (जुनं ४१-अ). नोटिशीप्रमाणे हजर राहिलात तर सहसा अटक होत नाही. केलीच तर त्याची कारणं लिहून ठेवावी लागतात. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवणं ही वैध बजावणी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून मेसेजकडे डोळेझाक करा असं नव्हे. ठाण्यात जाऊन कागदावर नोटीस मागा आणि पोच द्या. कोर्टाच्या समन्सला हा नियम लावू नका. नव्या कायद्यात समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही येऊ शकतं.

जाताना सोबत ओळखपत्र, नोटिशीची झेरॉक्स आणि एक माणूस न्या. महिला, पंधरा वर्षांखालील मुलं, साठीपुढचे, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून जबाब द्यायला ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. तपासात घेतलेल्या जबाबावर तुमची सही घेता येत नाही (कलम १८१), आणि पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब तुमच्याविरुद्ध पुरावा होत नाही. पंचनामा, नोटिशीची पोच, जामिनाचं बंधपत्र यांवर सही लागते. मग अडचण कुठे येते? कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही दिली जाते, तिथे. मराठी वाचता येत नसेल, घरी तेलुगू किंवा कानडी बोलत असाल, तर मजकूर समजावून मागा आणि त्यानंतरच सही करा.

अटक झालीच तर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. अटकेची कारणं आणि जामिनाचा हक्क सांगणं, नातेवाइकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अपवादात्मक परिस्थितीशिवाय अटक करता येत नाही. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीपुढच्या किंवा आजारी माणसाला अटक करायची तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते.

आरोपी अठरा वर्षांखालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. पालकांनी वयाचा पुरावा, म्हणजे शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला, पहिल्याच तासात ठाण्यात द्यावा. नंतर वय सिद्ध करत बसणं त्रासाचं होतं.

जामीन

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. ठाणे अंमलदारही तो देऊ शकतो, कोर्टाची वाट पाहावी लागत नाही. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असा गैरसमज फार पसरलेला आहे. तो कोर्टाच्या विवेकावर असतो, एवढाच त्याचा अर्थ.

जामीनदाराकडे आधार, रेशन कार्ड, फोटो आणि ऐपतीचा पुरावा लागतो: सातबारा व ८-अ, महापालिकेचा मिळकत उतारा व कर पावती, किंवा पगारपत्रक. काही कोर्टं तहसीलचा ऐपतीचा दाखला मागतात. उतारा ताजा घ्या. जुन्या तारखेच्या उताऱ्यामुळे माणूस आणखी एक रात्र आत राहतो. जामीनदाराने आपण आणखी किती जणांना जामीन राहिलो आहोत ते लिहून द्यायचं असतं. कोर्टाबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे भाडोत्री जामीनदार टाळा. त्यांची कागदपत्रं खोटी निघाली तर मूळ साध्या गुन्ह्यावर बनावट दस्तऐवजाचा गुन्हा चढतो.

जामीनदारच मिळत नसेल तर? रोख जामीन किंवा जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर) सोडण्याचा अर्ज करा. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्यात जामीन देता आला नाही, तर तो माणूस गरीब आहे असं मानून वैयक्तिक बंधपत्रावर सोडण्याची तरतूद कलम ४७८ मध्येच आहे.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार, कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. बिडी वळणाऱ्या बायकांना किंवा यंत्रमागावरच्या कामगारांना उत्पन्नाचा दाखला आणायला पाठवलं, तर हा नियम दाखवा. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. हेल्पलाइन १५१००.

‘गुन्हा कबूल आहे का?’

दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या खटल्यात मॅजिस्ट्रेट गुन्ह्याचा तपशील वाचून दाखवतात आणि हा प्रश्न विचारतात. त्याआधी दोषारोपपत्राची नक्कल हातात असली पाहिजे, ती फुकट मिळते. उत्तर देण्याआधी या चार वाटा वकिलासोबत तपासा.

मुदत. फक्त दंडाच्या गुन्ह्यात सहा महिने, एक वर्षापर्यंतच्या शिक्षेत एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेत तीन वर्षं, यानंतर कोर्टाला सहसा दखल घेता येत नाही (कलम ५१४). एकत्र चालणाऱ्या कलमांत सर्वांत जास्त शिक्षेचं कलम धरतात. ११५(२) एकटं असेल तर एक वर्ष, त्याला ३५२ जोडलं तर तीन.

तडजोड. ११५(२), ३५२ यांसारख्या गुन्ह्यांत फिर्यादी तयार असेल तर कलम ३५९ खाली तडजोड होते आणि तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेइतकाच असतो. कबुलीपेक्षा ही वाट केव्हाही चांगली. मात्र जुगार, दारूबंदी, पोलीस कायद्याचं कलम ११० किंवा १३५ यांत फिर्यादी सरकारच असतं, तिथे समोरच्याशी मिटवायचा प्रश्नच येत नाही. ठाण्यात लिहिलेला ‘आपसांत मिटलं’ हा कागदही पुरत नाही, तडजोड कोर्टाच्या रोजनाम्यात यायला हवी.

लोकअदालतीबाबत इथेच मोठी गफलत होते. तिथे काही प्रकरणं तडजोडीने मिटतात आणि काही कबुली घेऊन, दंड लावून निकाली काढतात. दोन्हींना लोक ‘लोकअदालतीत मिटलं’ म्हणतात. तुमच्या प्रकरणात नेमकं काय लिहिलं गेलं ते विचारा.

परिवीक्षा. कबुली द्यायचीच ठरलं, किंवा खटल्यात दोषी ठरलात, तर शिक्षा सुनावण्याआधी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा लाभ मागा. ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं, आणि कलम १२ नुसार दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही. दोषसिद्धी पुसली मात्र जात नाही. सरकारी नोकरीत असाल तर तुमचं खातं तुमच्या वर्तनाचा विचार करू शकतं. हा अर्ज मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही.

चौथी वाट उच्च न्यायालयाची. फिर्यादीशी समेट झाला आहे पण कलम तडजोडीचं नाही, किंवा एफआयआरमध्ये गुन्हाच दिसत नाही, तर कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करायची याचिका. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची अशी प्रकरणं मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जातात.

मग लढायचं की दंड भरायचा? पन्नाशीचा दुकानदार, सरकारी नोकरी-परदेश यांचा संबंध नाही, प्रकरण सार्वजनिक जागी गोंधळाचं: दंड भरून वेळ वाचवणं शहाणपणाचं. एकोणीस वर्षांचा पोरगा, सोरेगावच्या राज्य राखीव दलाची भरती डोळ्यांसमोर, आणि जुगाराच्या छाप्यात नुसता बघत उभा होता: पाचशे रुपयांसाठी कबुली देणं त्याला फार महाग पडेल.

तारखेला जाता येत नसेल तर आधीच हजेरी माफीचा अर्ज द्या. न सांगता गैरहजर राहिलात तर आधी जामीनपात्र, मग अजामीनपात्र वॉरंट निघतं, जामीनदाराला नोटीस जाते, आणि जामिनावर असताना हजर न राहणं हा स्वतंत्र गुन्हा आहे (न्याय संहिता, कलम २६९). वॉरंट निघाल्याचं कळलं तर पोलिसांची वाट न पाहता स्वतः कोर्टात जाऊन ते रद्द करण्याचा अर्ज द्या. पुढची तारीख ई-कोर्ट्स अॅपवर सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक टाकून दिसते.

जप्त झालेली गाडी निकालापर्यंत ठाण्याच्या आवारात गंजत ठेवायची गरज नाही. आरसी, विमा आणि ओळखपत्र जोडून मुद्देमाल ताब्यात मिळण्याचा अर्ज करा (कलम ४९७ किंवा ५०३). कोर्ट सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितली तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, गाडी देतं.

नोकरी, पासपोर्ट, तडीपारी

नोकरीच्या वेळी भरून द्यायच्या साक्षांकन नमुन्यातला प्रश्न नीट वाचा. त्यात बहुधा ‘दोषी ठरलात का’ एवढंच नसतं. अटक, खटला, बंधपत्र, दंड अशी प्रत्येक गोष्ट वेगळी विचारलेली असते. चॅप्टर केसचं बंधपत्र त्यात बसतं. निर्दोष सुटलेली केसही ‘खटला’ या शब्दात येते. विचारलेलं सगळं लिहा, आणि निकालाची प्रत जोडा. अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने किरकोळ गुन्ह्याची माहिती लपवल्यास नियोक्ता ते माफ करू शकतो असं म्हटलं, पण तो निर्णय नियोक्त्याचा असतो. किरकोळ गुन्ह्यासाठी नव्हे, तर तो दडवल्यासाठी निवड रद्द होणं जास्त घडतं.

आधीच सरकारी नोकरीत असाल तर कोठडी ४८ तासांपेक्षा जास्त झाली की निलंबित झाल्याचं मानलं जातं. कार्यालयाला स्वतःहून कळवा.

पासपोर्टसाठी फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित असणं ही अडचण असते. नुसती एनसी म्हणजे प्रलंबित खटला नव्हे. खटला चालू असेल तर त्याच कोर्टाकडून परदेशी जाण्याची परवानगी घ्या. १९९३ च्या अधिसूचनेनुसार आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो, म्हणून अर्जातच मुदत मागा.

एकेक किरकोळ गुन्हा साठत गेला की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५५ ते ५७ खाली तडीपारीचा प्रस्ताव येऊ शकतो. शहरात उपायुक्त, ग्रामीण भागात प्रांत तो आदेश काढतात, मुदत दोन वर्षांपर्यंत. त्याआधी कारणे दाखवा नोटीस येते. तिला उत्तर देताना जुन्या प्रत्येक केसचा निकाल जोडावा लागतो.

म्हणून निकाल लागला त्याच आठवड्यात नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रती घ्या, दोन घेतल्या तर बरं. दोषी ठरला असाल तर सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस असतात, आणि नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात. निर्दोष सुटला असाल तर एक प्रत ज्या ठाण्यात गुन्हा दाखल होता तिथे देऊन पोच घ्या. चारित्र्य पडताळणीत ‘प्रकरण प्रलंबित’ असा जुना शेरा आला, तर दुसऱ्या प्रतीची झेरॉक्स आणि ती पोच जोडून दुरुस्तीचा अर्ज करता येतो.